नोकरी गेल्यानंतर चैनीचे खर्च कसे कमी करावेत : दिवसांच्या हिशेबाने आखलेली पद्धत

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस चाकणच्या एका कारखान्यातील माझी नोकरी गेली. आई, पत्नी आणि आठवीत शिकणारी मुलगी अशा आमच्या चिंचवडच्या घरात कमावणारा मी एकटाच होतो. पहिल्या आठवड्यात आम्ही घाबरून जे सुचेल ते केले. दुधाचा रतीब दोन लिटरांवरून दीड लिटरवर आणला, वर्तमानपत्र बंद केले आणि त्याच आठवड्यात विचारपूस करायला आलेल्या नातेवाइकांसाठी दोनदा बाहेरून जेवण मागवले. दुधात महिनाभरात जेमतेम नऊशे रुपये वाचणार होते आणि त्या दोन जेवणांनाच दोन हजारांहून अधिक गेले होते. डोळ्यांसमोरचा लहान खर्च कापला जातो, सवयीचा मोठा खर्च मात्र नजरेलाही पडत नाही, हे तेव्हा कळले. पुढच्या आठ महिन्यांत चुकत-सुधारत जी पद्धत बसली ती येथे क्रमाने मांडत आहे. शहरात पगारावर चालणाऱ्या मध्यमवर्गीय घराला ती बहुतांशी लागू पडावी.

पहिली पायरी : हातात किती दिवस आहेत ते मोजणे

कोणताही खर्च बंद करण्याआधी एक आकडा काढावा. बचत खात्यातील शिल्लक, लगेच मोडता येतील अशा ठेवी आणि कंपनीकडून प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम यांची बेरीज करावी आणि तिला महिन्याच्या एकूण खर्चाने भागावे. येणे असलेली रक्कम या बेरजेत धरू नये. पाच वर्षे सेवा झालेली असल्यास ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, देय ठरते आणि ती तीस दिवसांत द्यावी असा कायदा आहे, तरीही ती खात्यात दिसेपर्यंत हिशेबात घेऊ नये. भविष्य निर्वाह निधीही बाजूलाच ठेवावा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी तो काढला तर साधारणपणे त्यावर प्राप्तिकर लागतो, आणि एकदा काढलेला निधी पुन्हा उभा करायला पुढची कित्येक वर्षे जातात.

आमची बेरीज तीन लाख साठ हजार झाली आणि गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च बहात्तर हजार होता. म्हणजे हातात पाच महिने होते. हाच खर्च अठ्ठेचाळीस हजारांवर आणता आला तर तेवढ्याच पैशांत साडेसात महिने निघणार होते. हे गणित कागदावर मांडले तेव्हा काटकसरीकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली, कारण आपण हौस मारत नसून नोकरी शोधायला अडीच महिने मिळवत आहोत, हे घरातल्या प्रत्येकाला समजले. अठ्ठेचाळीस हजारांच्या महिन्यात एका दिवसाची किंमत सोळाशे रुपये होते. पुढे प्रत्येक खर्चाला आम्ही हेच माप लावले. एखादी वस्तू महाग की स्वस्त यावर वाद होत राहतात. ती आपले किती दिवस घेते या प्रश्नाला मात्र एकच उत्तर असते. वाचकांनी आपला आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि ती वही घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावी.

दुसरी पायरी : गेल्या तीन महिन्यांचा खर्च वहीत उतरवणे

बँकेचा, क्रेडिट कार्डाचा आणि यूपीआयचा तीन महिन्यांचा तपशील काढून एकेक ओळ हाताने वहीत लिहावी. संगणकावर हे काम दहा मिनिटांत होते, तरी हाताने लिहावे असा माझा आग्रह आहे. एकाच उपाहारगृहाचे नाव महिन्यात नवव्यांदा लिहिताना जे जाणवते ते तक्त्यातील बेरीज पाहून जाणवत नाही. हे लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

त्यानंतर प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करावी : चालू ठेवायचे, कमी करायचे, थांबवायचे. चैन कोणती याची सर्वांना लागू होईल अशी यादी नसते. चारचाकी एका घरात चैन असते, तर ज्या घरात डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जावे लागते तेथे ती गरज असते. यासाठी स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न असा, की हा खर्च सहा महिने थांबवला तर कोणाची प्रकृती, मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर किंवा नोकरी मिळण्याची शक्यता यांपैकी काही बिघडेल का? बिघडणार असेल तर तो खर्च चैन नव्हे. बिघडणार नसेल, तर तो कितीही आवडीचा असला तरी त्याच्यापुढे ‘थांबवायचे’ किंवा ‘कमी करायचे’ अशीच खूण झाली पाहिजे.

तिसरी पायरी : आपोआप कापले जाणारे पैसे थांबवणे

सुरुवात येथूनच करावी, कारण या खर्चांत रोज मनावर ताबा ठेवावा लागत नाही. एकदा बंद केले की ते बंदच राहतात. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा विभाग असतो आणि तेथे चालू असलेल्या सर्व मंजुऱ्या दिसतात. कार्डावरील मंजुऱ्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर पाहता येतात. फोनच्या ॲप स्टोअरमध्ये आपल्या खात्याखाली सबस्क्रिप्शनची वेगळी यादी असते. या तिन्ही जागा तपासाव्यात, कारण एका ठिकाणी जे दिसत नाही ते दुसऱ्या ठिकाणी सापडते. फोनवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ही गोष्ट अनेकांना पैसे गेल्यावरच कळते. आमच्याकडे मुलीने वर्षभरापूर्वी सोडून दिलेल्या एका भाषा शिकवणाऱ्या ॲपची चौदाशे नव्व्याण्णव रुपयांची वार्षिक वर्गणी सप्टेंबरमध्ये पुन्हा कापली गेली. ॲप फोनवर नव्हते, मंजुरी मात्र जिवंत होती. जवळजवळ एक दिवस असा हातचा गेला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वजावटीची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला मिळते. बहुतेक जण हे संदेश जाहिरात समजून पुसून टाकतात. या काळात ते वाचावेत. खरेदीच्या आणि खाद्यपदार्थांच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डे काढून टाकावीत. कार्ड आणायला उठावे लागले, त्यावरचे सोळा आकडे टंकावे लागले, की निम्म्या खरेद्या तेथेच गळतात.

चौथी पायरी : घरात मोकळेपणाने बोलणे

माझ्या मते संपूर्ण पद्धतीचा कणा हाच आहे, आणि आम्ही सर्वांत उशिरा केले तेही हेच.

घरात ‘आता जपून खर्च करा’ एवढेच सांगितले, की ज्या व्यक्तीचा स्वतःवरचा खर्च आधीच सर्वांत कमी असतो ती व्यक्ती सर्वांत आधी हात आखडते. पत्नीने मला न विचारता शुक्रवारचा गाण्याचा क्लास सोडला. त्याची फी महिन्याला आठशे रुपये होती. त्याच महिन्यात माझ्या गाडीचे पेट्रोल आणि धुलाई यांवर साडेचार हजार खर्च झाले होते. आईचे तर महिनाभर लक्षातच आले नाही. ऑक्टोबरमध्ये तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो, तेव्हा घरी आधीचे पाकीट अर्धे शिल्लक असल्याचे पत्नीने सांगितले. पंधरा गोळ्यांचे पाकीट पंधरा दिवसांत संपायला हवे होते. विचारल्यावर आई शांतपणे म्हणाली, “अरे, एक दिवसाआड घेतली तरी चालते मला. तुझ्यावर आधीच केवढा भार आहे.” तिचा रक्तदाब तपासला तेव्हा वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. ते पाकीट मी अजून जपून ठेवले आहे.

म्हणून कपातीची यादी एकट्याने करू नये आणि ती प्रत्येकाच्या मर्जीवरही सोडू नये. सर्वांनी एकत्र बसून वही उघडावी, प्रत्येकाचा खर्च वाचावा आणि कोणत्या खर्चाला हात लावायचा नाही हे आधी ठरवून लिहावे. औषधे, दूध, भाजी, फळे आणि शाळेची फी यांचा त्यात पहिला मान. औषधांचा खर्च मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून तीच औषधे जनऔषधी केंद्रातून घ्यावीत. तेथे किमती बऱ्याच कमी असतात. मात्र मात्रा कमी करणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे, हे घरातील ज्येष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि महिन्याला गोळ्या मोजाव्यात.

मुलांपासून लपवू नये. त्यांना घरातील कुजबुज ऐकू येतेच आणि अर्धवट कळलेल्या गोष्टीची भीती अधिक वाटते. आमच्या मुलीला आम्ही आकड्यांसह सांगितले : पैसे किती आहेत, किती महिने पुरतील आणि तिच्या शाळेला काहीही होणार नाही. तिने विचारलेला पहिला प्रश्न सहलीचा होता. सहल रद्द झाली, पण ती का रद्द झाली हे तिला माहीत होते.

पाचवी पायरी : बाहेरचे खाणे

आमच्या वहीत हौसेच्या खर्चांत सर्वांत मोठा आकडा हाच निघाला : महिन्याला सुमारे आठ हजार. पदार्थाच्या किमतीवर पॅकिंग, पोहोचवण्याचे शुल्क, ॲपचे शुल्क आणि कर चढत जातात. दोनशेची भाजी घरी येईपर्यंत तीनशेच्या आसपास पोहोचते. हा खर्च एकदम शून्यावर आणण्याचा प्रयत्न करू नये. आम्ही तो केला आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सर्वांचा संयम सुटून तेराशे रुपयांचे जेवण मागवले गेले. त्यानंतर महिन्याला पंधराशे रुपये पाकिटात वेगळे काढून ठेवायचे ठरवले. ते रोखीतच ठेवायचे आणि संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचे. यातून महिन्याला साडेसहा हजार, म्हणजे चार दिवस वाचले.

बाहेरून मागवण्याचे खरे कारण शोधावे. आमच्याकडे ते चवीपेक्षा थकवा हे होते. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहण्याची कोणाची इच्छा नसे. मी घरीच असल्याने शुक्रवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला. गुरुवारी रात्री वाटाणे भिजत घालायचे, शुक्रवारी बटाटे, फ्लॉवर आणि वाटाणे कुकरला लावायचे, मोठ्या तव्यावर कांदा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो परतून मसाला घालायचा आणि पावभाजी रगडायची. चार माणसांची पोटभर पावभाजी अडीचशे रुपयांच्या आत होते. पहिल्या दोन शुक्रवारी भाजी खाली लागली, तिसऱ्या शुक्रवारपासून ती सर्वांना आवडू लागली.

किराणा महिन्यातून एकदा, यादी करून, शक्यतो ओळखीच्या वाण्याकडून भरावा. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवांमधून एका कोथिंबिरीच्या जुडीसोबत दोनशे रुपयांचे नको असलेले सामान येते, हे आमच्या वहीत वारंवार दिसले.

सहावी पायरी : गाडी, वीज आणि इतर सवयी

चारचाकीवर कर्ज चालू असेल किंवा घरात दुसरी गाडी असेल, तर ती विकण्याचा विचार पहिल्या महिन्यातच करावा, कारण गरज गळ्याशी आल्यावर विकणाऱ्याला पडेल ती किंमत घ्यावी लागते. कर्ज फिटलेली एकच जुनी गाडी असेल तर ती ठेवून वापर थांबवणे पुरेसे ठरते. आम्ही आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून पाच-सात किलोमीटर फिरवत होतो आणि बाकी सर्व कामे दुचाकीवर व बसने करत होतो. गाडी उभी असली तरी तिचा विमा चुकवू नये. तृतीय पक्ष विमा कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नव्वद दिवसांहून अधिक काळ खंडित राहिला तर भरपाई न मागितल्याबद्दल साठलेली हप्त्यातील नो-क्लेम सवलतही जाते.

विजेचे बिल टप्प्यांनुसार चढते, त्यामुळे महिन्याचा वापर शंभर किंवा तीनशे युनिटांच्या पलीकडे गेला की पुढच्या प्रत्येक युनिटाला जास्त दर लागतो. एसीचे तापमान एक अंशाने वाढवल्यास त्याच्या वीजवापरात सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. व्यायामशाळेची वर्षाची फी भरलेली असेल तर सदस्यत्व काही महिने गोठवून मिळते का ते विचारावे. कपडे, नवा फोन आणि सौंदर्यप्रसाधने यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ज्या वस्तूची आठवण तीस दिवस राहिली नाही ती लागत नव्हती असे समजावे.

सातवी पायरी : कार्डावर घर न चालवणे

नोकरी गेल्यावर पूर्वीचे राहणीमान टिकवण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे क्रेडिट कार्ड. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज लागते आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. चाळीस हजारांची थकबाकी असेल तर महिन्याला चौदाशे रुपये व्याज आणि दोनशे बावन्न रुपये कर होतो. आमच्या मापाने दरमहा एक दिवस, तोही मूळ रक्कम जशीच्या तशी राहून. ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. जुनी थकबाकी असेल तर इतर कोणत्याही हौसेआधी ती फेडावी. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याची शक्यता दिसू लागली, तर तो चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवण्याविषयी बोलावे. नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज बँकेच्या लेखी अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज ठरते आणि मग बोलणी अवघड होतात.

आठवी पायरी : जे कापू नये

कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशीच संपते. बेकारीच्या काळात घरात एक मोठे आजारपण आले तर साडेसात महिन्यांचे नियोजन एका आठवड्यात कोसळते. म्हणून कंपनी सोडण्याआधीच मनुष्यबळ विभागाला विचारून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. जुन्या आजारांचा खर्च विम्यातून मिळण्याआधी जो प्रतीक्षा काळ थांबावे लागते, त्यापैकी उलटलेला काळ त्यात धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे हा खर्च पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. मुदत विम्याचा हप्ता पुढेमागे झाल्यास वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची आणि मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची सवलत असते, पण पॉलिसी बंद पडू देऊ नये.

इंटरनेट, फोन, मुलाखतीचे कपडे आणि जुन्या सहकाऱ्यांसोबतचा चहा हेही चालू ठेवावे. मला नवी नोकरी अशाच एका चहाच्या वेळी निघालेल्या बोलण्यातून मिळाली. वीस रुपये वाचवण्यासाठी मी त्या दिवशी घरी बसलो असतो, तर ती जागा रिकामी झाल्याचे मला कळलेही नसते.

घरकामाची मदत थांबवायची असेल तर एक महिना आधी सांगावे. आमच्याकडे नऊ वर्षे येणाऱ्या मावशींचे धुणे आणि केर-लादी आम्ही स्वतःकडे घेतली, भांड्यांचे काम त्यांच्याकडेच ठेवले आणि त्यांना दुसरे घर मिळेपर्यंत पूर्ण पगार दिला. यात आमचे दोन दिवस गेले. आपली नोकरी गेल्याचा फटका आपल्याहून कमी शिल्लक असलेल्या माणसावर एका सकाळी नेऊन टाकणे मला पटत नाही.

सण, लग्ने आणि लोक काय म्हणतील

त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते, नोकरी जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मूर्ती दीड फुटांऐवजी नऊ इंचांची, शाडूचीच आणली. दर्शनाला येणाऱ्यांना मिठाईऐवजी घरची खिरापत दिली. आईने सुके खोबरे भाजून, खडीसाखर कुटून ती रोज ताजी केली. पाच दिवसांचा उत्सव दीड दिवसांचा केला. कोणीही नाव ठेवले नाही, उलट खिरापत अनेकांनी मागून घेतली.

लग्नाच्या आहेराची रक्कम आधीच ठरवावी आणि ती सर्वांना सारखीच द्यावी, म्हणजे प्रत्येक वेळी मनात ओढाताण होत नाही. ज्यांना खरे सांगता येईल त्यांना सरळ सांगावे. भिशी मात्र मध्येच सोडू नये, कारण तिथे इतरांचे पैसे आपल्या शब्दावर गुंतलेले असतात. ती संपल्यावर नव्या फेरीत नाव घालू नये.

प्रत्येकाची एकेक हौस मात्र राखून ठेवावी आणि तिची किंमतही वहीत लिहावी. कोरड्या काटकसरीने माणसे चिडतात आणि चिडलेले घर सहा महिने टिकत नाही. मुलीसाठी वाचनालय, आईसाठी संध्याकाळी देवळात जायची रिक्षा, माझ्यासाठी रविवारी सकाळची मिसळ आणि पत्नीसाठी गाण्याचा क्लास, असे ठरले. पत्नीने क्लास पुन्हा लावायला मात्र ठाम नकार दिला. त्या बाबतीत मी हरलो.

पंधरवड्याला वही, आणि पहिल्या पगारापर्यंतचा हिशेब

दर पंधरा दिवसांनी वही उघडून उरलेले दिवस नव्याने मोजावेत. चार महिने उरले असताना ‘कमी करायचे’ ही खूण असलेले खर्च आणखी निम्मे करावेत. दोन महिने उरले असताना ठेवी, सोने किंवा गाडी यांपैकी काय मोडायचे याचा क्रम ठरवून ठेवावा, म्हणजे घाईत चुकीची वस्तू विकली जात नाही.

नियुक्तिपत्र हातात पडले की सर्वांना सुटल्यासारखे वाटते आणि त्याच आठवड्यात जुने खर्च परत येतात. येथे सावध राहावे. मला नियुक्तिपत्र फेब्रुवारीच्या मध्यावर मिळाले, रुजू होण्याची तारीख २६ मार्च होती आणि कंपनीचा पगाराचा हिशेब २० तारखेला बंद होत असल्याने पहिला पगार एप्रिलच्या शेवटी आला. म्हणजे पत्र मिळाल्यावरही सुमारे अडीच महिने जुन्याच शिलकीवर काढायचे होते, आणि साडेसात महिन्यांची ती शिल्लक एप्रिलच्या मध्यावर संपत होती. शेवटचा पंधरवडा त्या बेरजेत न धरलेली एक ठेव मोडून निभावला. म्हणून रुजू होण्याची तारीख, हिशेब बंद होण्याची तारीख आणि पहिला पगार खात्यात येण्याची तारीख या तिन्ही गोष्टी पत्र स्वीकारतानाच विचारून वहीत लिहाव्यात आणि कपात पहिल्या पगाराच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी ठेवावी. त्यानंतरही सर्व खर्च एकदम सुरू करू नयेत. पहिल्या तीन पगारांतून मोडलेली ठेव भरून काढावी आणि बंद केलेल्या गोष्टी महिन्याला एक याप्रमाणे परत आणाव्यात. त्यांचा क्रम ठरवताना ज्याने न सांगता सर्वांत आधी सोडले त्याचे आधी सुरू करावे. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या घरी पत्नीचा गाण्याचा क्लास पुन्हा सुरू झाला. गाडी जूनपर्यंत खालीच उभी होती.